क्रोमबुक घ्यायचं म्हणता? फोनवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. "लॅपटॉप वजनाला हलका हवा, फार महाग नको, नेटवरची कामंच करायची आहेत, कोणता घेऊ?" पूर्वी मी एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळा व्हायचो. दोन-तीनदा तोंडघशी पडल्यावर आता आधी उलटा प्रश्न टाकतो. अशांना क्रोमबुक हा एक पर्याय असतो, आणि खालचे सगळे प्रश्न त्याबद्दल त्या फोनांवर आलेलेच आहेत. कंपनीचं नाव कुठलंही असो, उत्तरं साधारण तीच राहतात.

क्रोमबुक म्हणजे लॅपटॉपच ना? मग नाव वेगळं का?

लॅपटॉपच. फक्त आत विंडोज नसतं, गूगलची क्रोमओएस असते. तिची घोषणा जुलै २००९ मध्ये झाली आणि सॅमसंग व एसर यांची पहिली क्रोमबुकं जून २०११ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. कल्पना सरळ होती. बहुतेक लोक कॉम्प्युटर चालू करतात ते ब्राउझर उघडायला, मग ब्राउझर हाच मुख्य धरून त्याच्याभोवती लागेल तेवढीच यंत्रणा ठेवावी. तेव्हा याची बरीच टिंगल झाली, कारण इंटरनेट गेलं की हातात फारसं काही उरत नसे. पुढे २०१६ पासून अँड्रॉइड अॅप्स आणि २०१८ पासून लिनक्सचे (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी यंत्रणा) प्रोग्रॅम त्यावर चालू लागले. आज त्याला नुसता ब्राउझर म्हणणं बरोबर नाही, पण त्याचा जीव अजून ब्राउझरमध्येच आहे.

हलकेपणा येतो तोही यातूनच. यंत्रणा आटोपशीर असल्यामुळे साधा प्रोसेसर पुरतो. साधा प्रोसेसर फार तापत नाही, म्हणून पुष्कळ मॉडेलांना पंखाच नसतो. पंखा नाही, मोठी बॅटरी लागत नाही, की वजन आपोआप उतरतं.

माझं काम त्यावर होईल का, हे कसं ओळखायचं?

एक आठवडा वही घ्या. कॉम्प्युटरवर जे जे केलं ते लिहा, आणि प्रत्येक कामापुढे ते ब्राउझरमध्ये झालं की वेगळं सॉफ्टवेअर उघडून झालं तेवढं नोंदवा. सातबारा काढला, आयकराचं विवरणपत्र भरलं, आपले सरकारवर दाखल्यासाठी अर्ज केला, रेल्वेचं तिकीट, बँक, मेल, मीटवरचा क्लास, यूट्यूब: हे सगळं ब्राउझरचं. यादी अशीच निघाली तर खुशाल घ्या.

यादीत टॅली दिसलं की थांबा. टॅली विंडोजवर चालतं. टॅली क्लाउडवर भाड्याने घेऊन ब्राउझरमधून वापरता येतं, पण त्याचं महिन्याचं बिल धरलं तर स्वस्त यंत्र घेण्यात अर्थ उरत नाही. श्रीलिपी, पेजमेकर, कोरलड्रॉ यांवर पोट असलेल्या डीटीपीवाल्यांनी तर इकडे फिरकूच नये.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हवर. तो डीएससी टोकन चालायला त्याचं ड्रायव्हर आणि सही करणारं छोटं सॉफ्टवेअर लागतं, ते प्रामुख्याने विंडोज धरून बनवलेलं असतं. ई-निविदा भरणारे ठेकेदार, कंपनीच्या नावाने जीएसटी विवरणपत्र भरणारे, सीएच्या ऑफिसातली मुलं यांना क्रोमबुकचा उपयोग नाही. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल आणि जीएसटीला मोबाइलवरच्या ओटीपीने सही चालत असेल, तर मात्र अडत नाही. म्हणजे धंदा एकच, पण सही कशी करता यावर यंत्र ठरतं!

मराठी टाइप करता येतं का?

येतं, आणि रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्याला चांगलं येतं. सेटिंग्जमध्ये इनपुट पद्धतींच्या यादीत मराठी लिप्यंतरण जोडायचं. मग "namaskar" असं बडवलं की "नमस्कार" उमटतं, आणि खाली पर्यायांची यादी येते. कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. गूगल डॉक्समध्ये बोलून टाइप करायची सोय मराठीलाही आहे. माझे एक शेजारी निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते आठवणी लिहिताना तिचाच आधार घेतात. विरामचिन्हं मात्र मागाहून हातानेच घालतात आणि घालताना तिला शिव्या देतात.

इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीवर हात बसलेल्यांनी विकत घेण्याआधी यादीत आपला कीबोर्ड दिसतो का, ते स्वतः बघावं. शासकीय टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्याने आधी आपल्या संस्थेत विचारावं, कारण तिथला सराव ठरावीक सॉफ्टवेअरवर असतो.

जुन्या फाइलींचा प्रश्न वेगळा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेलं पत्र इथे उघडलं की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्यात क्रोमबुकचा दोष नाही. ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, पाळत नाहीत, आणि नवीन विंडोजवर फॉन्ट टाकला नाही तर तिथेही हेच होतं. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर ब्राउझरमध्येच मिळतात, पण बदललेलं एकदा डोळ्याखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास मार खातात.

फॉन्टांच्या बाबतीत उलट चंगळ आहे. गूगल डॉक्समध्ये मुक्त, बलू, तिरो असे फॉन्ट फुकट मिळतात. तिरोची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, तिच्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. लग्नपत्रिकेचा मसुदा करताना आमच्या आत्याला हा फरक पहिल्या नजरेत कळला होता.

नेट गेलं तर डबा होतो का?

डबा होत नाही, पण आधी तयारी करून ठेवावी लागते. डॉक्स, शीट्स आणि जीमेल यांची ऑफलाइन सोय एकदा चालू करावी लागते, आणि जी फाइल लागणार ती ड्राइव्हमध्ये "ऑफलाइन उपलब्ध" अशी खूण करून ठेवावी लागते. ती केली असेल तर एसटीत बसूनही लिहिता येतं. रेंज आली की मजकूर वर जातो. डाउनलोड केलेल्या पीडीएफ, फोटो, व्हिडिओ हे यंत्रातच असतात, त्यांना नेट लागत नाही.

गावाकडे खरी अडचण येते ती दिवसभर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढावा लागला तर. मोबाइलचा रोजचा डेटा दुपारपर्यंत संपतो, कारण फोटोंपासून गृहपाठापर्यंत सगळं वर-खाली जात असतं. घरात वायफाय नसेल आणि येण्याची चिन्हंही नसतील, तर मी क्रोमबुक सुचवत नाही. विजेचं मात्र उलट आहे. बहुतेक मॉडेलं टाइप-सी चार्जरवर चालतात, म्हणून भारनियमनात दमदार पॉवर बँकेवरही निभावतं, फक्त ती पीडी (लॅपटॉपला पुरेल एवढी ताकद देणाऱ्या) प्रकारची असली पाहिजे.

रॅम, प्रोसेसर, स्टोरेज किती घ्यावं?

रॅम ८ जीबी. चार जीबीवर एका वेळी मोजके टॅब आणि एक व्हिडिओ कॉल चालतो, पण शाळेचा क्लास, त्यात गूगल डॉक, मागे गाणी असं झालं की टॅब पुन्हा पुन्हा लोड व्हायला लागतात. शिवाय रॅम बहुधा बोर्डावर डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. प्रोसेसरमध्ये जुना सेलेरॉन टाळा, एवढं पुरे. स्टोरेज ६४ जीबी चालतं, १२८ असेल तर उत्तम. ईएमएमसी (स्वस्त, हळू स्टोरेज) आणि एसएसडी (वेगवान स्टोरेज) यांत निवड असेल तर एसएसडी घ्या.

गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये "क्रोमबुक प्लस" असा वेगळा शिक्का काढला. तो मिळायला किमान ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, फुल एचडी आयपीएस (बाजूने पाहिलं तरी नीट दिसणारा) पडदा आणि १०८०पी कॅमेरा लागतो. दुकानात सगळे आकडे तपासायचा कंटाळा असेल तर हा शिक्का बघून घेतलेलं यंत्र सहसा निराश करत नाही.

पडद्याकडे मात्र लोक बघतच नाहीत. स्वस्त मॉडेलांत ११.६ इंची, १३६६ बाय ७६८ चा टीएन पडदा असतो. इंग्रजी वाचायला त्यावर भागतं. देवनागरीत मात्र वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि खाली लोंबणारी जोडाक्षरं असतात, आणि छोट्या अक्षरात ती एकमेकांत मिसळतात. थोडं तिरकं बसलं तर रंगही फिका पडतो. मराठी वाचायचं-लिहायचं असेल तर फुल एचडी आयपीएसवर तडजोड करू नका. वाटल्यास दुसरीकडे कुठे तरी पैसे वाचवा.

अपडेटची तारीख म्हणजे काय? ती एवढी महत्त्वाची का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. प्रत्येक क्रोमबुकची अपडेट बंद होण्याची तारीख आधीपासून ठरलेली असते. त्यानंतर यंत्र चालतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. ब्राउझर यंत्रणेतच गुंफलेला असल्यामुळे तोही म्हातारा होतो. मग एकेक करून बँकेच्या साइट कुरकुर करायला लागतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की क्रोमबुकांना दहा वर्षं अपडेट मिळतील. हे ऐकून लोक "दहा वर्षं निवांत" असं समजतात. हे घड्याळ तुम्ही बिल केलं त्या दिवसापासून चालत नाही. ते त्या प्लॅटफॉर्मचं (आतल्या मूळ हार्डवेअरच्या साच्याचं) पहिलं यंत्र बाजारात आलं तेव्हापासून चालू झालेलं असतं. दुकानातला सीलबंद खोका पाच वर्षं जुन्या प्लॅटफॉर्मचा असू शकतो, म्हणजे निम्मं आयुष्य गोदामातच गेलं. मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन गूगलच्या मदत पानांवर तारीख बघता येते. यंत्र हातात असेल तर सेटिंग्ज, मग "क्रोमओएसबद्दल", मग "अतिरिक्त तपशील" इथे ती दिसते.

रिफर्बिश्ड क्रोमबुकं पाच-सात हजारांत दिसतात, ती अनेकदा परदेशातल्या शाळांतून निघालेली असतात. भाच्यासाठी मी एक असंच मागवलं होतं. दिसायला चकचकीत. चालू केलं तर पडद्यावर सूचना आली की हे यंत्र अमुक संस्थेच्या ताब्यात आहे. पॉवरवॉश म्हणजे सगळं पुसून कोरं करण्याची सोय; तीही करून पाहिली. उपयोग शून्य. शाळेने आपल्या यादीतून यंत्र मोकळं केलं नसेल तर ते पुसल्यावरही पुन्हा त्याच शाळेचा दरवाजा ठोठावतं. विक्रेत्याने तीन आठवडे फिरवून पैसे परत केले. तोवर त्या मॉडेलची तारीख शोधली होती, ती आठ महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती. भाचा मात्र खूश होता, त्याला वाटलं आता गेमिंग लॅपटॉप येणार.

घरात जुना विंडोज लॅपटॉप पडून आहे. त्याचंच क्रोमबुक करता येईल?

बऱ्याचदा येतं, आणि नवीन घेण्याआधी हे जरूर करून बघा. गूगलने २०२० मध्ये नेव्हरवेअर नावाची कंपनी विकत घेतली, आणि तिच्या कामातून २०२२ मध्ये क्रोमओएस फ्लेक्स आलं. फ्लेक्स म्हटलं की आपल्याला चौकातला वाढदिवसाचा बॅनर आठवतो, पण हे वेगळं. जुन्या लॅपटॉपवर फुकट टाकता येणारी क्रोमओएस म्हणजे फ्लेक्स. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ न पेलणारे असंख्य धडधाकट लॅपटॉप कपाटात गेले. त्यांना ही चांगली वाट आहे.

लागतं फार थोडं. इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १६ जीबी जागा. २०१० च्या आधीचा प्रोसेसर असेल तर मनस्ताप होईल. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर क्रोममध्ये "क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी" हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घ्यायचं आणि निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह त्यातून तयार करायचा. जुना लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू केला की आत काही न टाकताही ते वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड हे चारही चालतात का, ते एक-दोन दिवस बघा. पटलं तरच पक्कं बसवा, कारण बसवताना आतलं सगळं पुसलं जातं. मुंजीचे फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवा, मागून फोन करू नका.

दोन गोष्टी मिळत नाहीत. फ्लेक्सवर प्ले स्टोअर नाही, म्हणजे अँड्रॉइड अॅप्स नाहीत. आणि डीव्हीडी ड्राइव्ह, बोटाच्या ठशाचा सेन्सर असले जुने अवयव धरले जातीलच असं नाही. बॅटरी मेलेली असेल तर ती मेलेलीच राहते. पण घरात एका कोपऱ्यात ठेवून बातम्या, मेल, भजनं यासाठी जुन्या लॅपटॉपचं सोनं होतं. हार्ड डिस्कच्या जागी साधी एसएसडी बसवली तर आणखी मजा येते.

वर्ड-एक्सेलचं काय?

ब्राउझरमधलं वर्ड आणि एक्सेल फुकट चालतं. गूगल शीट्समध्ये एक्सेलच्या फाइली तशाच उघडून सुधारता येतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिसच्या अँड्रॉइड अॅप्सचा क्रोमबुकवरचा पाठिंबा सप्टेंबर २०२१ मध्ये काढला, म्हणून अॅप शोधू नका, ब्राउझरमध्येच जा. पतसंस्थेत किंवा ऑफिसात कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी बनवलेली, बटण दाबलं की हिशोब करणारी एक्सेल असेल तर ती व्हीबीए मॅक्रोवर चालते. ती इथे चालणार नाही. एमएस-सीआयटी करणाऱ्यालाही घरच्या सरावासाठी विंडोजच बरं.

प्रिंटर जोडता येतो?

वायफायवाले नवे प्रिंटर लगेच सापडतात. झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र नाही. त्याला कॅननचा स्वतःचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो क्रोमओएससाठी नाही.

मुलगी इंजिनिअरिंगला आहे. चालेल का?

शाखेवर आहे. कॉम्प्युटरची असेल तर लिनक्स चालू करून सी, पायथन, गिट, व्हीएस कोड सगळं करता येतं, फक्त यंत्र ८ जीबीचं घ्या. अजून टर्बो सी वापरायला लावणारी कॉलेजं आहेत. तेही लिनक्समध्ये डॉसबॉक्सवर चालवता येतं, हसू आवरून. मॅटलॅबचीही ब्राउझर आवृत्ती आहे. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी मात्र विंडोजच घ्यावं. ऑटोकॅड ब्राउझरमध्ये आहे, पण त्यात पूर्ण ऑटोकॅडची सगळी अवजारं नाहीत, आणि सॉलिडवर्क्स विंडोजशिवाय चालत नाही.

खरा घोळ परीक्षेच्या दिवशी होतो. घरून द्यायच्या परीक्षांना आणि कॅम्पसच्या चाचण्यांना बऱ्याच ठिकाणी पहारा ठेवणारा खास ब्राउझर लागतो. सेफ एक्झाम ब्राउझरचंच बघा, तो विंडोज, मॅक आणि आयपॅडसाठी आहे, क्रोमओएससाठी नाही. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा की त्यांनी चाचण्या कशावर दिल्या. माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

आईबाबांसाठी कसं आहे?

झकास. माझ्या मते क्रोमबुकचं खरं गिऱ्हाईक तेच. काही सेकंदांत चालू होतं, अपडेट मागच्या मागे होतात, आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस" असं घाबरवणारं पान आलं तरी टॅब बंद केला की विषय संपतो. एकच करा: त्यांना एक्स्टेन्शन बसवण्याची परवानगी मागणाऱ्या खिडकीचा चेहरा ओळखीचा करून द्या आणि "आधी मला फोन" हे पक्कं ठरवा. कॅप्सलॉकच्या जागी शोधायचं बटण असतं, त्यावरून पहिले आठ दिवस तक्रारी येतील.

अँटीव्हायरस?

नको. चालू होताना यंत्रणा स्वतःची तपासणी करते, आणि प्रत्येक टॅब वेगळ्या कप्प्यात चालतो. दुकानदार सोबत गळ्यात मारत असेल तर ते पैसे चांगल्या बॅगेत घाला.

जिओबुक किंवा टॅबलेट (टॅब) आणि कीबोर्ड घेतला तर?

जुलै २०२३ मध्ये आलेलं जिओबुक (जिओचा लॅपटॉप) ९९० ग्रॅमचं होतं आणि १६,४९९ रुपयांना निघालं. हलकेपणात ते बहुतेक क्रोमबुकांना मागे टाकतं. पण त्यातली जिओओएस अँड्रॉइडवर बेतलेली आहे, आणि फोनच्या पद्धतीचा ब्राउझर व संगणकाचा ब्राउझर यांत फरक पडतो. सरकारी पोर्टलवर लांबलचक फॉर्म भरताना, दोन खिडक्या शेजारी ठेवून काम करताना तो जाणवतो. टॅबलाही हेच लागू. वाचन आणि व्हिडिओ जास्त, टायपिंग कमी, असं असेल तर टॅब घ्या, कीबोर्डचा हट्ट सोडा.

क्रोमओएस बंद होऊन अँड्रॉइड येणार म्हणे? थांबू का?

क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकाच पायावर आणणार, हे गूगलने २०२५ मध्ये सांगितलं आहे. पण विकलेल्या यंत्रांना ठरलेल्या तारखेपर्यंत अपडेट द्यायचे आहेत. जूनमध्ये कॉलेज सुरू होत असेल तर थांबून काय करणार?

दुकानात गेल्यावर काय तपासू?

गेस्ट म्हणून आत शिरा. दहा टॅब उघडा, त्यात एक यूट्यूब, एक बँक, एक महाभूलेख (सातबाऱ्याची साइट), आणि टॅब बदलताना ते पुन्हा लोड होतात का ते बघा. खोक्यावरचं मॉडेलचं पूर्ण नाव फोनमध्ये टिपून तिथल्या तिथे अपडेटची तारीख शोधा. पडदा तिरका करून बघा. चार्जरचं टोक टाइप-सी आहे ना ते बघा. मग गूगल डॉक्ससारख्या पानावर मोठ्या अक्षरात नाही, रोज वाचता तेवढ्याच आकारात "वऱ्हाडातल्या दुसऱ्या घराच्या पायऱ्या" एवढं लिहून बघा, आणि जरा मागे सरकून वाचा.